घरच्या घरी युक्रेनी बोर्श्च: आंबटपणा कधी, कुठे आणि किती

युक्रेनमध्ये बिटाच्या या सुपाला बोर्श्च म्हणतात. इंग्रजीतून आलेल्या नावाच्या शेवटी जो 'ट' ऐकू येतो तो यिडिश भाषेचा. युक्रेनी उच्चारात तो नाही. बीट उकडून मिक्सरमधून काढले आणि वर क्रीमची रेघ ओढली की बोर्श्च होत नाही. बोर्श्च आंबट लागले पाहिजे, त्यामागून हलका गोडवा यायला हवा, तळाशी हाडाच्या रश्श्याचा दम हवा, आणि वाटीतला बिटाचा, कोबीचा, बटाट्याचा प्रत्येक तुकडा वेगळा ओळखू यायला हवा. दाट इतके, की डाव मधोमध उभा राहावा, असे युक्रेनमध्ये म्हणतात.

आंबटपणा आधी सांगितला तो मुद्दाम. बोर्श्च हे नावच मुळी बिटाचे नाही. बोर्श्चिव्हनिक नावाची एक रानवनस्पती आहे. तिची पाने आणि देठ आंबवून पूर्वी आंबट सूप करत, त्यावरून हे नाव पडले. बीट नंतर आले आणि तेही आंबवूनच घातले जाई. म्हणून ज्या बोर्श्चमध्ये आंबटपणा नीट बसलेला नाही, त्याचा रंग कितीही सुंदर असो, चव अर्धवटच राहते.

बोर्श्च बिघडते ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. बिटाला आंबट लागते आणि बटाट्याला ते सोसत नाही. बिटाचा लाल रंग पाण्यात विरघळणारा असतो. लांब उकळला किंवा पाणी क्षारयुक्त असले तर तो तपकिरी-पिवळट होत जातो, आंबटात मात्र बराच टिकतो. बटाट्याचे उलटे. त्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन आम्लात सहजी सुटत नाही, त्यामुळे टोमॅटो किंवा व्हिनेगर पडलेल्या रश्श्यात कच्चा बटाटा टाकला तर अर्धा तास उकळूनही तो आतून कडक राहतो. राजमाही तसाच. तेव्हा बीट आंबटासह वेगळे शिजवायचे, बटाटा साध्या रश्श्यात वेगळा शिजवायचा, आणि दोघांची गाठ शेवटच्या सात-आठ मिनिटांत घालायची. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती फिरते.

साहित्य (सहा ते आठ जणांसाठी, साडेपाच-सहा लिटरचे पातेले)

हाडासकट मटण ७५० ग्रॅम (नळी आणि बरगडी मिळून), पाणी ३ लिटर
बीट ४०० ग्रॅम (मध्यम तीन)
बटाटे ३५० ग्रॅम (मध्यम तीन)
कोबी ३०० ग्रॅम (लहान गड्ड्याचा साधारण अर्धा)
गाजर १२० ग्रॅम
कांदे ३ (एक रश्श्यात अख्खा, दोन परतायला)
पांढरा किंवा लाल राजमा १०० ग्रॅम, रात्रभर भिजवलेला
पिकलेले टोमॅटो २५० ग्रॅम, किंवा टोमॅटो पेस्ट २ मोठे चमचे
सूर्यफूल तेल ४ मोठे चमचे
साधे पांढरे व्हिनेगर १ मोठा चमचा, शिवाय शेवटी लागेल तसे
साखर १ ते २ छोटे चमचे
मीठ ४ ते ५ छोटे चमचे
लसूण ६ मोठ्या पाकळ्या
तमालपत्र २, अख्खे मिरे १०
शेपू अर्धी जुडी
वरून घालायला स्मेताना, म्हणजे आंबट घट्ट साय

युक्रेनमध्ये रस्सा बहुधा गाईच्या मांसाचा किंवा डुकराच्या बरगड्यांचा करतात. कीव्हच्या जुन्या पद्धतीत मेंढीचे मांसही असते, त्यामुळे आपले बोकडाचे मटण इथे अगदीच परके ठरत नाही. गोव्यात किंवा जिथे चांगले पोर्क मिळते तिथे बरगड्या घेतल्या तर चव युक्रेनी घरांच्या अधिक जवळ जाते. बिनहाडाचे मटण घेऊ नका. रश्श्याला अंग येते ते हाडामुळे आणि सांध्याच्या चिवट भागामुळे.

बीट निवडताना लहान-मध्यम, जड आणि घट्ट साल असलेले घ्या. फार मोठे बीट आतून दोरकट निघते. कापल्यावर आत पांढरट कड्या जास्त दिसल्या तर गोडवा असतो, पण रंग फिका पडतो. अशा वेळी शंभर ग्रॅम बीट जास्त घ्या. देठासकट जुडी मिळाली तर कोवळी पाने टाकू नका. बारीक चिरून कोबीबरोबर घातली की छान लागतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला युक्रेनमध्ये कोवळ्या बिटाचे बोर्श्च पानांसकटच करतात.

रस्सा

मराठी घरांत मटणाचे अळणी करतात, त्याच्याशी या रश्श्याची तुलना करता येईल, पण हळद, आले, गरम मसाला यातले काहीही इथे पडत नाही. मटण धुऊन थंड पाण्यात घाला आणि मध्यम आचेवर उकळी येऊ द्या. गरम पाण्यात टाकले तर मळी रश्श्यातच विरून तो गढूळ होतो. थंड पाण्यापासून सुरुवात केली की ती हळूहळू वर येते. ती झाऱ्याने काढत राहा, साधारण दहा मिनिटे लागतात. मग अख्खा सोललेला कांदा, एक तमालपत्र, मिरे आणि दोन छोटे चमचे मीठ घालून आच इतकी मंद करा की मधूनच एखादा बुडबुडा फुटेल. झाकण थोडे तिरके ठेवा. बोकडाच्या मटणाला दीड ते दोन तास लागतात, पोर्कच्या बरगड्यांना सव्वा ते दीड तास.

कुकरमध्ये करायचे असेल तर मळी काढून झाल्यावरच झाकण लावा. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग वीस-पंचवीस मिनिटे मंद आचेवर, आणि वाफ आपोआप जाऊ द्या. रस्सा थोडा गढूळ होईल, चवीत फार फरक पडणार नाही. मात्र कुकर इथपर्यंतच. भाज्या कुकरमध्ये घालून एकदम शिट्ट्या काढल्या की कोबीचा लगदा होतो आणि बिटाचा रंग जातो.

मटण शिजले की बाहेर काढा, हाडावरून सोडवून मोठे तुकडे करा. रस्सा गाळून घ्या. अडीच लिटरपेक्षा कमी भरला तर गरम पाणी घालून तेवढा करा. रस्सा आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळी वर चरबीचा थर जमलेला मिळतो. त्यातला निम्मा काढा, निम्मा राहू द्या. सगळी चरबी काढून टाकलेले बोर्श्च पाणचट लागते.

राजमा वेगळा शिजवा. भिजवलेले पाणी टाकून द्यायचे, ताजे पाणी घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या, मग दहा मिनिटे मंद आच. दाणा बोटाने दाबला की चेपायला हवा. कुकर वापरणार नसाल तर निदान पहिली दहा मिनिटे तो खळखळून उकळू द्या, कारण अर्धवट शिजलेला राजमा पोटाला त्रास देतो. लवकर शिजावा म्हणून सोडा घालायची सवय असेल तर इथे ती बाजूला ठेवा. सोड्याचे थोडेसे पाणीही पातेल्यात गेले की बिटाचा रंग मेला म्हणून समजा. बोअरवेलचे जड पाणी असलेल्या गावांत हाच त्रास न कळत होतो: राजमा शिजत नाही, रंग तपकिरी येतो आणि दोष बिटाला दिला जातो. पिण्याचे गाळलेले मऊ पाणी वापरा.

बीट

हा भाग घाईत करू नका.

बीट सोलून चार मिलिमीटर जाडीच्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या लांब काड्या करा. सुरीनेच चिरा. किसणीवर किसलेले बीट लवकर शिजते हे खरे, पण रश्श्यात ते विरघळल्यासारखे होते आणि खाताना दाताखाली काही येत नाही. फारच घाई असेल तर जाड भोकांची किसणी चालेल. हाताला आधी तेलाचे बोट लावले तर डाग बसत नाहीत. बसलाच तर लिंबाच्या फोडीने जातो.

जाड बुडाच्या पसरट भांड्यात दोन मोठे चमचे तेल तापवा, बीट घाला, लगेच एक मोठा चमचा व्हिनेगर आणि एक छोटा चमचा साखर घालून हलवा. व्हिनेगर नंतर घालू म्हणून थांबू नका. उष्णता लागायच्या आधी आंबट भेटले तर रंग धरून राहतो, पुढच्या उकळीत फिका पडलेला रंग मागून व्हिनेगर ओतून पुरता परत येत नाही. पाच मिनिटे परता, मग गरम रश्श्याचे दोन डाव घाला, झाकण ठेवा आणि मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटे शिजू द्या. आंबटामुळे बीटही सावकाश मऊ होते, म्हणूनच काड्या बारीक हव्यात आणि वेळ पुरेसा द्यायला हवा. मधून मधून पाहा. तळ कोरडा दिसला तर आणखी थोडा रस्सा. काडी दोन बोटांत दाबली की वाकेल, पण तुटून लगदा होणार नाही, इथे थांबा.

भांडे स्टीलचे किंवा एनॅमलचे घ्या. अ‍ॅल्युमिनियममध्ये आंबट शिजवले की धातूची चव उतरते, आणि लोखंडी कढईत बीट काळपट पडते.

काही जण बीट अख्खे भाजून किंवा उकडून, मग चिरून शेवटी घालतात. भाजलेल्या बिटाला गोडवा चांगला येतो आणि रंगही राहतो. ओव्हनमध्ये १९० अंशांवर फॉइलमध्ये गुंडाळून एक तास लागतो. दोन्ही पद्धती युक्रेनमध्ये चालतात, पण आमचा कौल परतून शिजवलेल्या बिटालाच आहे. त्यात तेलाला जो रंग सुटतो तो नंतर रश्श्यावर लाल थेंबांनी तरंगतो, आणि चांगल्या बोर्श्चची पहिली ओळख तीच.

झास्माझ्का, म्हणजे परतलेला कांदा-गाजर

दुसऱ्या कढईत उरलेले तेल घालून बारीक चिरलेले दोन कांदे मंद आचेवर दहा मिनिटे परता. कांदा पारदर्शक आणि कडेला किंचित सोनेरी हवा. बिर्याणीसारखा तपकिरी केला तर त्याची चव सगळ्यावर चढते. मग काड्या केलेले गाजर घालून पाच मिनिटे. शेवटी टोमॅटो. टोमॅटो आडवे कापून किसणीवर किसा, साल हातात राहते. पाणी आटून तेल कडेला सुटेपर्यंत परता, सात-आठ मिनिटे. कच्चा टोमॅटो तसाच रश्श्यात घातला तर आंबटपणा बोचरा लागतो. पेस्ट वापरत असाल तर दोन मिनिटे पुरेत.

यात जिरे, मोहरी, धने, लाल तिखट काही नको. तिखटाची सवय असेल त्यांनी एक सुकी लाल मिरची अख्खी रश्श्यात सोडून शेवटी काढून टाकावी. भाजीच्या या सगळ्या साध्या चवींना मसाल्याने झाकले की उरते ती बिटाची आमटी.

एकत्र करताना

गाळलेला रस्सा मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवा. दोन सेंटिमीटरच्या फोडी केलेले बटाटे घाला, दहा मिनिटे शिजवा. सुरीचे टोक फोडीत सहज गेले पाहिजे. बटाटा पूर्ण शिजण्याच्या अगदी जवळ असल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण यानंतर तो फारसा मऊ होणार नाही. दाटपणा हवा असेल तर एक फोड डावाने पातेल्याच्या कडेला दाबून मोडा. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावायची गरज नाही.

मग कोबी. आपल्याकडचा कोबी बहुतेक वेळा कोवळा आणि पातळ पानांचा असतो. त्याच्या बारीक पट्ट्यांना चार-पाच मिनिटे पुरतात. घट्ट, पांढरा, थंडीतला जून गड्डा असेल तर तो बटाट्याबरोबरच टाका. कोबी जास्त उकळला की गंधकाचा उग्र वास सुटतो आणि तो वास दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही. कोबीबरोबरच शिजलेला राजमा निथळून घाला. लाल राजम्याचे पाणी रश्श्यात ओतू नका, रंग मातकट होतो.

आता झास्माझ्का आणि बीट, त्याच्या भांड्यातल्या रसासकट. मटणाचे तुकडे आणि दुसरे तमालपत्रही याच वेळी. उकळी फुटते न फुटते अशी राहू द्या, सात ते आठ मिनिटे, जास्त नाही. खळखळून उकळले तर पाच मिनिटांत रंग किरमिजीवरून विटकरीकडे वळलेला डोळ्यांना दिसेल.

चव घेण्याचाही क्रम आहे. आधी मीठ पूर्ण करा, कारण मीठ कमी असताना आंबट-गोडाचा अंदाज चुकतो. मग आंबट: एकेक छोटा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला, ढवळा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चाखा. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना आंबट जाणवले पाहिजे, पण तोंड वाकडे होऊ नये. साखर सगळ्यात शेवटी आणि फक्त आंबटाची धार मोडण्यापुरती. आपल्याकडची बिटे गोड असतात, पुष्कळदा दुसरा चमचा लागतच नाही. आंबटासाठी चिंच किंवा आमसूल वापरू नका. दोन्हीचा स्वतःचा वास इतका ठळक आहे की सूप आमटी किंवा सोलकढीच्या वाटेला लागते.

गॅस बंद केल्यावर लसूण. युक्रेनमध्ये लसूण आणि सालो, म्हणजे डुकराची खारवलेली चरबी, खलबत्त्यात एकत्र कुटून तो गोळा शेवटी पातेल्यात सोडतात. सालो मिळाले तर तीस ग्रॅम घ्या. नाही तर लसूण चिमूटभर मिठासह कुटून तसाच घाला. उकळत्या रश्श्यात घातला तर लसणाचा ताजा झणका निघून जातो, म्हणून आच बंद हवी. त्याबरोबर निम्मा चिरलेला शेपू. शेपूची भाजी आपल्याकडे अनेकांना उग्र वाटते. इथे मात्र तो कोथिंबिरीसारखा वरून घालायचा आहे, फक्त कोवळे शेंडे घ्या आणि देठ काढून टाका. शेपूला पर्याय म्हणून कोथिंबीर घातलेली चालत नाही, त्यापेक्षा काहीच घालू नका.

झाकण ठेवून निदान अर्धा तास हात लावू नका. लगेच वाढलेल्या बोर्श्चमध्ये रस्सा वेगळा आणि भाज्या वेगळ्या लागतात. बटाटा आतपर्यंत लाल होतो, आंबट-गोड एक होते, ते या मुरण्यात. दुसऱ्या दिवशीचे बोर्श्च पहिल्या दिवसापेक्षा चांगले हे युक्रेनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी करून ठेवणेच शहाणपणाचे.

स्मेताना

स्मेताना म्हणजे आंबवलेली साय, पंधरा ते पंचवीस टक्के स्निग्धांशाची. घरी करायची तर ताजे, फार आंबट नसलेले दही फडक्यात तीन-चार तास टांगा. २०० ग्रॅम चक्का आणि ६० ग्रॅम ताजी साय किंवा क्रीम एकत्र करून रवीने नव्हे, चमच्याने हलके फेटा. जोराने घुसळले तर लोणी सुटते. चिमूटभर मीठ. वाढताना प्रत्येक वाटीत एक मोठा चमचा, मध्यावर. पातेल्यात घालून उकळू नका, फाटते आणि पांढरे कण तरंगू लागतात.

पाम्पुश्की

बोर्श्चबरोबर लसणाचे हे छोटे पाव हवेतच. दिसायला आपल्या लादीपावाचे धाकटे भावंड. ३०० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम झटपट यीस्ट, १५ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ, १८० मिली कोमट दूध आणि २० मिली तेल दहा मिनिटे मळा. पीठ हाताला किंचित चिकटेल इतके सैल हवे. दुप्पट होईपर्यंत झाका. मुंबईच्या हवेत पाऊण तास, पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात दीड तास धरा. बारा गोळे करून तेल लावलेल्या ताटलीत एकमेकांना जेमतेम टेकतील असे मांडा, अर्धा तास फुगू द्या, दुधाचा हात फिरवा आणि १९० अंशांवर अठरा ते वीस मिनिटे भाजा. चार पाकळ्या लसूण मिठात कुटून त्यात तीन मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे पाणी आणि शेपू मिसळा, आणि पाव गरम असतानाच वरून ओता. थंड पावात हे तेल मुरत नाही, नुसते वर चिकटते.

बिटाचा क्वास

व्हिनेगर ही सोय आहे. बोर्श्चचा जुना आंबटपणा बिटाच्या क्वासाचा, म्हणजे बीट आंबवून केलेल्या पाण्याचा, आणि ज्याला ही चव मनापासून समजून घ्यायची आहे त्याने एकदा तरी तो लावावा. उत्तरेकडची गाजर-बिटाची कांजी ज्यांनी केली आहे त्यांना जड जाणार नाही. फक्त यात मोहरी नाही. एक किलो बीट सोलून जाड फोडी करा, काचेच्या स्वच्छ बरणीत घाला, दोन लिटर उकळून गार केलेले पाणी आणि ४० ग्रॅम मीठ. फोडी पाण्याखालीच राहिल्या पाहिजेत. वर छोटी वाटी दाबून ठेवा. तोंडाला फडके बांधा. युक्रेनमधल्या गार घरात आठवडा लागतो, आपल्या उन्हाळ्यात तीन ते चार दिवस. रोज चाखा. गोडवा जाऊन स्वच्छ आंबट चव आली की गाळून फ्रीजमध्ये.

वर पातळ पांढरा पापुद्रा आला तर काढून टाका, तो अपायकारक नाही. केसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी आली तर सगळे फेकून द्या. क्वास कधी कधी तार धरतो, पाकासारखा चिकट ओघळतो. बिटातली साखर आणि जास्त उष्णता यामुळे काही जिवाणू तसा चिकट पदार्थ तयार करतात. बरणी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवली आणि मीठ मापून घातले की हे बहुधा टळते.

हा क्वास अर्धा लिटर घ्या आणि तेवढाच रस्सा कमी करा. बीट आणि झास्माझ्का घातल्यावर शेवटच्या तीन-चार मिनिटांत तो ओता, एकदाच उकळी येऊ द्या. त्यात मीठ आहे हे लक्षात ठेवून शेवटचे मीठ बेताने घाला. व्हिनेगरचा तो एक चमचा बीट परतताना लागेलच, पुढे नको.

बिनमटणाचे बोर्श्च

शाकाहारी घरांनी मटण वगळून पाण्यात भाज्या टाकू नयेत. रश्श्याची जागा कशाने तरी भरावी लागते. युक्रेनमध्येच याचा चांगला मार्ग आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथे बारा बिनमांसाचे पदार्थ मांडतात आणि त्यात बोर्श्चही असते. त्या दिवशी मांस नाही, दूधदुभतेही नाही. रस्सा होतो सुक्या रानटी मशरूमचा. तीस ग्रॅम सुके मशरूम (पोर्चिनी मिळाले तर उत्तम, शिटाकेही चालतील) अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन तास भिजवा. पाणी फडक्यातून गाळा, तळाशी वाळू असते. हे पाणी, आणखी दोन लिटर पाणी, अख्खा कांदा, गाजराचा तुकडा आणि मिरे अर्धा तास उकळले की रस्सा तयार. मशरूम चिरून झास्माझ्कात परता. राजमा १५० ग्रॅम करा, आणि चार-पाच सुके आलुबुखार चिरून बिटाबरोबर घाला. पोल्ताव्हा भागात धुरावर सुकवलेली नाशपाती घालतात. तो धुराचा वास मांसाची उणीव पुष्कळ भरून काढतो. पश्चिमेकडे, गालिसियात, नाताळचे बोर्श्च गाळून अगदी नितळ ठेवतात आणि त्यात मशरूम भरलेली बोटाच्या पेराएवढी मुटकुळी सोडतात. त्यांना वुष्का, म्हणजे 'छोटे कान' म्हणतात.

प्रदेशागणिक असे बदलत जाते. पोल्ताव्हात कोंबडीच्या किंवा बदकाच्या रश्श्यात गहू-पिठाचे हालुश्की (उकडलेले छोटे गोळे), काळ्या समुद्राच्या बाजूला मासे. १ जुलै २०२२ रोजी युनेस्कोने तातडीने जपण्याच्या अमूर्त वारशाच्या यादीत जी नोंद केली ती 'युक्रेनी बोर्श्च शिजवण्याची संस्कृती' अशी आहे, एखाद्या ठरावीक पाककृतीची नाही. त्यासाठी शेफ येव्हहेन क्लोपोतेन्को यांनी बराच पाठपुरावा केला, आणि युद्धामुळे ती नोंद तातडीने झाली. म्हणून राजमा घालावा की नाही, टोमॅटो किती, यावर वाद घालायला वाव आहे. आंबट, बीट आणि मुरायला दिलेला वेळ, यावर मात्र तडजोड करू नये.

वसंतात तिथे हिरवे बोर्श्च होते, बिटाशिवाय. त्यात आंबट पानांची श्चावेल ही भाजी असते, आणि तिचाच सख्खा नातेवाईक आपल्या बाजारात रोज मिळतो: चुका. याच रश्श्यात बटाटा शिजवून, गॅस बंद करण्याआधी दोन मिनिटे दोन जुड्या चिरलेला चुका घालायचा आणि वाढताना उकडलेले अर्धे अंडे व स्मेताना. चुका लवकर घातला तर बटाटा कडक राहतो, कारण तेच, आंबट.

बिघडले तर

रंग तपकिरी झाला: एक छोटे बीट बारीक किसून, त्यात एक छोटा चमचा व्हिनेगर आणि गरम रश्श्याचे दोन डाव घालून पंधरा मिनिटे झाकून ठेवा. गाळून तो लाल रस वाढण्याआधी पातेल्यात ओता, पुन्हा उकळू नका. रंग पुष्कळसा सावरतो.

बटाटा कडक राहिला: फोडी झाऱ्याने काढून साध्या मिठाच्या पाण्यात वेगळ्या शिजवा आणि परत घाला. त्याच रश्श्यात उकळत बसलात तर बटाटा शिजणार नाही आणि रंगही जाईल.

मातीचा वास येतो: बिटाची साल नीट निघाली नव्हती, किंवा बीट पुरते शिजले नव्हते. लसूण आणि आंबट थोडे वाढवा.

फार आंबट झाले: लगेच साखरेकडे वळू नका. आधी अर्धा लिटर बिनमिठाचा रस्सा आणि एक वेगळा उकडलेला बटाटा मोडून घाला, मग चाखा.

फ्रीजमध्ये बोर्श्च तीन ते चार दिवस छान राहते. पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा. उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त ओट्यावर राहू देऊ नका. गरम करताना लागेल तेवढेच छोट्या भांड्यात काढा, वाफ येईपर्यंत तापवा, आणि लसूण-शेपू ताजा घाला. फ्रीझरमध्ये ठेवायचे असेल तर बटाटा वगळून ठेवा, गोठून विरघळलेला बटाटा रवाळ होतो. आणि पहिल्यांदा खाणाऱ्यांना एक सांगून ठेवा: बिटामुळे काहींची लघवी दुसऱ्या दिवशी लालसर होते, त्याला घाबरायचे कारण नाही.